पुलपिटवरून सुटलेला शब्द

पुलपिटवरच्या चुकांचे किस्से आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत पुष्कळ आहेत. लग्नात नवऱ्यामुलाऐवजी त्याच्या थोरल्या भावाचं नाव घेतलं, बाप्तिस्म्याच्या वेळी मुलीला मुलगा म्हटलं, असे किस्से जेवणाच्या पंगतीत सांगितले जातात आणि ज्या पाळकांवर ते असतात तेही पोटभर हसतात. काही वाक्यं मात्र कोणी पंगतीत सांगत नाही. ती ज्यांना लागली ती माणसं एका रविवारी येत नाहीत, मग दुसऱ्याही येत नाहीत, आणि हळूहळू त्यांची जागा रिकामीच असते हे सगळ्यांच्या अंगवळणी पडतं. मला बोलायचं आहे ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल.

या बाबतीत मंडळीत दोन मतं आहेत आणि दोन्ही मतांची माणसं प्रामाणिक आहेत. म्हणून इथे दोघांना समोरासमोर बसवलं आहे. एक निवृत्त पाळक, ज्यांचं आयुष्य नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत गेलं. दुसऱ्या, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाई, सध्या पास्टरेट कमिटीवर. दोघंही कल्पित आहेत, पण त्यांची भांडणं कल्पित नाहीत.

बाई : सलाम, पाळकसाहेब. रविवारी नवे पाळक 'मोशेने तारवात जनावरं घेतली' असं म्हणून गेले. मागच्या बाकावरची पोरं अजून हसताहेत.

पाळक : सलाम, बाई. हसू द्या त्यांना. पण पुढच्या बाकांवरच्या किती मोठ्या माणसांच्या ते लक्षात आलं? एरिक्सन आणि मॅटसन या संशोधकांनी १९८१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांना हेच विचारलं होतं : मोशेने प्रत्येक जातीचे किती प्राणी तारवात घेतले? बहुतेकांनी 'दोन' असं उत्तर दिलं. तारू नोहाचं हे पक्कं माहीत असूनही दिलं. मोशे काय, नोहा काय, दोघंही जुन्या करारातले, दोघांच्याही गोष्टीत पाणी. एका नावाच्या जागी दुसरं बसून जातं आणि मन पुढे सरकतं. ऐकणाऱ्यालाही कळत नाही अशी चूक बोलणाऱ्याकडून झाली तर त्याला किती दोष द्यायचा?

बाई : मुळीच नाही. मी पोरांना तेच सांगितलं. खेड्यातून आलेल्या एखाद्या पाळकाने 'पानी' म्हटलं की शहरातल्या मंडळीत माना वळतात, त्याचाही मला राग येतो. मी मराठी शिकवलं आहे, तरी येतो.

पाळक : मग तुम्ही ऑगस्टीनच्या बाजूच्या. इसवी सन ४००च्या सुमारास कार्थेजच्या एका डीकनने त्यांना विचारलं की विश्वासात नव्याने येणाऱ्यांना शिकवायचं कसं. त्याच्यासाठी लिहिलेल्या पुस्तिकेत ऑगस्टीन म्हणतात की शिकलेसवरलेले लोक आले तर त्यांना आधी हे समजावा : प्रार्थना करताना एखाद्या बिशपाची भाषा अशुद्ध असली, व्याकरण चुकलं, तरी हसायचं नाही, कारण देव आवाजाआधी अंतःकरण ऐकतो. ऑगस्टीन स्वतः वक्तृत्व शिकवून पोट भरलेले गृहस्थ. त्यांनी हे लिहावं याला वजन आहे.

बाई : मान्य. अगदी पूर्ण मान्य.

पाळक : आणि लोकांच्या आठवणीचा अन्यायही पाहा. ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजचे वॉर्डन विल्यम स्पूनर. दीक्षित धर्मगुरू, विद्वान माणूस. शब्दांची सुरुवातीची अक्षरं अदलाबदल होण्याच्या चुकीला त्यांचंच नाव पडलं. त्यांच्या नावावरचे बहुतेक किस्से विद्यार्थ्यांनी रचलेले. सगळं आयुष्य शिकवण्यात गेलं, आणि मागे राहिली ती न झालेल्या चुकांची कीर्ती.

बाई : साहेब, अडखळणाऱ्या जिभेबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती. न अडखळता बोललेल्या वाक्याबद्दल आहे. तरुण मुलाची मयत असते. आई पहिल्या बाकावर बसलेली असते. आणि पुलपिटवरून म्हटलं जातं, 'हा मुलगा उपासनेला नियमित आला असता तर आज ही वेळ आली नसती.' वाक्यात व्याकरणाची चूक नाही. पुढे दिलेलं वचनसुद्धा अध्याय-ओवीसह बरोबर. त्या आईने काय करायचं?

पाळक : बाई, हे वाक्य तोंडातून कसं बाहेर पडतं ते मला माहीत आहे. निरोप सकाळी येतो, दफन दुपारी असतं. तयारीला वेळ मिळालेला नसतो. कबरस्तानाच्या भिंतीपाशी ती मुलं उभी असतात, मेलेल्याचे मित्र, जी एरवी चर्चच्या पायरीवर दिसत नाहीत. पाळकाच्या मनात येतं की आज यांना सांगितलं नाही तर कधी सांगणार? इशारा भिंतीपाशी उभ्या असलेल्यांसाठी असतो. लागतो तो पहिल्या बाकावर.

बाई : लागतो, कारण वाक्याचा कर्ता तिचा मुलगा असतो. भिंतीपाशी उभ्या असलेल्यांना काही सांगायचं असेल तर त्यांच्याविषयी बोलावं. मेलेल्याला उदाहरण करण्याचा अधिकार कोणी दिला? ईयोबाच्या पुस्तकावर तुम्हीच आम्हाला किती वेळा शिकवलंत. तिघं मित्र आले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तिथपर्यंत त्यांचं सगळं बरोबर होतं. तोंड उघडलं तिथून बिघडलं. आणि ते पाखंडी बोलले नाहीत. देव न्यायी आहे, पापाचं फळ मिळतं, पश्चात्ताप कर, एवढंच बोलले. त्यातली कितीतरी वाक्यं आजच्या संदेशात खपून जातील. तरी पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग एलीफज आणि त्याच्या दोघा मित्रांवरच आहे.

पाळक : हं. त्यांच्यासाठी मग ईयोबालाच प्रार्थना करावी लागली.

बाई : तेच म्हणते. ज्याला दुखवलं त्याच्याकडेच पाठवलं देवाने त्यांना.

(माझा कल कुठे आहे ते इथेच सांगून टाकतो. बाईंचं हे म्हणणं मला आपल्या मंडळ्यांसाठी फार महत्त्वाचं वाटतं. आपण चुकीच्या शिकवणीपासून मंडळीला जपतो. बरोबर शिकवण चुकीच्या माणसावर चुकीच्या वेळी आदळली, तर त्याला दोष म्हणायची सवय आपल्याला नाही. आजार म्हणजे विश्वासाची उणीव, मूल नसणं म्हणजे प्रार्थना अपुरी, मुलीने बाहेर लग्न केलं म्हणजे घरात कौटुंबिक उपासना नव्हती : ही वाक्यं सहज बोलली जातात, आणि ज्याच्याविषयी ती असतात तो त्या वेळी समोरच बसलेला असतो. मात्र पाळकसाहेबांची बाजूही हलकी नाही.)

पाळक : आता माझं ऐका. पाळकाला दर रविवारी बोलायचं असतं. शिवाय घरोघरच्या प्रार्थना सभा, महिला मंडळ, लग्नं, मयती, उपवासकाळातल्या सभा. या सगळ्यात प्रत्येक वाक्य तोलून मापून बोलायचं म्हटलं तर तो बोलायचाच थांबेल. मग उरेल ती कोणालाही न दुखावणारी आणि कोणालाही न हलवणारी बडबड. ऑगस्टीनचीच गोष्ट घ्या. त्यांच्यासोबत राहिलेले पॉसिडियस यांनी त्यांचं चरित्र लिहिलं, त्यात ती आहे. एकदा ऑगस्टीननी जेवताना सोबत्यांना विचारलं, आज माझं प्रवचन ठरलेली वाट सोडून गेलं, तुमच्या लक्षात आलं का? हातातला मुद्दा अर्धवट टाकून ते मानी पंथाच्या खंडनाकडे वळले होते. सोबती म्हणाले, आम्हालाही नवल वाटलं. एक-दोन दिवसांनी फर्मस नावाचा व्यापारी रडत आला आणि ऑगस्टीनच्या पाया पडला. तो कित्येक वर्षं मानी पंथात होता, त्यांना पैसाही पुरवत होता, आणि त्या भरकटलेल्या प्रवचनाने त्याचं मन फिरलं होतं. कागदावर लिहिलेलंच वाचलं असतं तर फर्मस तसाच परत गेला असता.

बाई : सुंदर गोष्ट आहे. पण ऑगस्टीन भरकटले ते एका मताविरुद्ध. समोर बसलेल्या फर्मसकडे बोट दाखवून, त्याचे व्यवहार चारचौघांत सांगून नाही. फर्मस तिथे आहे हेही त्यांना माहीत नव्हतं. आत्म्याच्या प्रेरणेला माझा विरोध नाही, साहेब. प्रेरणेच्या नावाखाली घरगुती माहिती बाहेर पडते, तिला आहे. बायका पाळकाजवळ मन मोकळं करतात आणि पुढच्या रविवारी 'आपल्या मंडळीतली एक बहीण' म्हणून तेच ऐकतात. पन्नास घरांच्या मंडळीत ती बहीण कोण, हे कळायला कितीसा वेळ लागतो?

पाळक : ते अक्षम्य आहे. त्याची बाजू मी घेणार नाही.

बाई : मग ऐन वेळी सुचलेलं सगळं देवाकडूनच येतं, असं म्हणू नका. चार्ल्स स्पर्जन यांना तुम्ही फार मानता.

पाळक : मानतोच. लंडनच्या मेट्रोपॉलिटन टॅबरनॅकलमध्ये हजारो माणसं ध्वनिवर्धकाशिवाय त्यांना ऐकत. हातात थोड्याशा टिपणांचा कागद, बाकी सगळं उभ्याउभ्या. लघुलेखक लिहून घेत, सोमवारी ते स्वतः दुरुस्त करत आणि गुरुवारी छापून बाजारात येई.

बाई : बघा, सोमवारची दुरुस्ती त्यांनाही लागत होती! आता १८७४ची संध्याकाळ आठवा. अमेरिकेतले पाहुणे उपदेशक जॉर्ज पेंटेकॉस्ट त्याच पुलपिटवरून पापाचा त्याग करण्याविषयी बोलले. आपण सिगार कसा सोडला, त्यासाठी किती झगडलो, ते त्यांनी मनापासून सांगितलं. ते बसले. स्पर्जन उठले आणि म्हणाले की मला यात पाप वाटत नाही, आणि आज रात्री झोपण्याआधी देवाच्या गौरवासाठी मी एक सिगार ओढणार आहे. गोष्ट वर्तमानपत्रांत गेली, टीकेचा भडिमार झाला, 'डेली टेलिग्राफ'ला पत्र लिहून खुलासा करावा लागला. तीन हजारांहून जास्त छापील संदेश असलेला माणूस, आणि त्या वर्षी देशभर गाजलं ते हे एक वाक्य.

पाळक : त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. पवित्र शास्त्रात नसलेली आज्ञा माणसांच्या खांद्यावर लादू नये, हेच ते म्हणत होते. आपल्या मंडळ्यांत मिशनऱ्यांच्या काळापासून तंबाखूचा बाऊ आहे, म्हणून आपल्याला ते जास्त खुपतं.

बाई : मुद्दा बरोबर होता असं घटकाभर धरू. पण नुकताच आपली झुंज उघड करून बसलेला पाहुणा बाजूलाच होता. त्याच्या तोंडावर हे बोलायला हवं होतं का? आणि सभेत सिगार सोडायची धडपड करणारे जे असतील, त्यांनी घरी जाऊन काय केलं असेल? बोललेलं खरं असूनही ते अविचाराचं असू शकतं, एवढंच माझं म्हणणं.

पाळक : मग उपाय काय? लिहून आणून वाचायचं? तोही झाला आहे. १५४७ साली इंग्लंडमध्ये राजाज्ञेने बारा तयार प्रवचनांचं पुस्तक काढलं, कारण गावोगावच्या धर्मगुरूंवर भरवसा नव्हता. परवाना नसेल त्याने स्वतःचं बोलायचं नाही, पुस्तकातलं वाचायचं. चुका थांबल्या, पण माणूसही थांबला. आमच्या तांड्यावरच्या मंडळीत पाऊस गेला, विहीर आटली, कोणी ऊसतोडीला गेलं, त्याचा एक शब्द तरी त्या पुस्तकात सापडला असता का?

बाई : मी पुस्तक मागत नाही. तुमचंच टिपण मागते, आणि शनिवारी ते कोणाला तरी ऐकवा एवढंच. पाळकीणबाईंना ऐकवा. त्या मंडळीतल्या बायकांचं दुःख तुमच्याहून जास्त ओळखतात.

पाळक : लिहून आणलं म्हणजे निर्धोक होतं असंही नाही. रानिएरो कान्तालामेस्सा यांचं उदाहरण घ्या. कॅपुचिन संन्यासी, १९८० ते २०२४ पोपच्या घराण्याचे उपदेशक. म्हणजे पोप ज्यांच्यासमोर श्रोता म्हणून बसत ते. २ एप्रिल २०१०, उत्तम शुक्रवार, सेंट पीटर्स बॅसिलिका, समोर पोप सोळावे बेनेडिक्ट. धर्मगुरूंनी केलेल्या बाललैंगिक अत्याचारांवरून त्या वर्षी चर्चवर टीकेची झोड उठली होती. कान्तालामेस्सांनी एका ज्यू मित्राचं पत्र वाचून दाखवलं, त्यात त्या टीकेची तुलना ज्यूद्वेषाशी केली होती. पत्र मित्राचं, हेतू सहानुभूतीचा, मजकूर हातातल्या कागदावर.

बाई : आणि दिवस उत्तम शुक्रवारचा! त्याच दिवसाच्या लॅटिन प्रार्थनेत ज्यूंना 'अविश्वासू' म्हणणारा शब्द शतकानुशतकं होता, तो पोप तेविसाव्या योहानांनी १९५९ साली काढायला लावला. त्या वर्षी वल्हांडणाचा सणही त्याच आठवड्यात होता. शिवाय ज्यांच्यावर अत्याचार झाले त्यांनी काय ऐकलं? तुमची तक्रार म्हणजे आमचा छळ, असंच ऐकलं. व्हॅटिकनच्या प्रवक्त्याला सांगावं लागलं की ही चर्चची अधिकृत भूमिका नाही.

पाळक : त्यांनी क्षमाही मागितली, दोन दिवसांत. 'कोरिएरे देला सेरा'मध्ये सांगितलं की ज्यूंना आणि अत्याचारपीडितांना दुखावण्याचा हेतू नव्हता, आणि पोपनी मजकूर आधी पाहिला नव्हता.

बाई : हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, साहेब. कोणीच आधी पाहिलं नव्हतं. एकट्याने लिहिलं तर कागदसुद्धा वाचवत नाही. लिहिणं पुरेसं नाही, दुसऱ्याच्या कानावरून जायला हवं. आणि क्षमा मागितली ती वर्तमानपत्रात. पुलपिटवर नाही.

पाळक : वर्तमानपत्रातून ती जास्त लोकांपर्यंत पोचली. आणि शब्द एकदा गेल्यावर कुठे मागितली याने काय फरक पडतो?

बाई : शब्द जात नाही हीच तर अडचण आहे. योहान क्रिसोस्तोम अंत्युखियात अजून वडीलच होते तेव्हाची गोष्ट. ३८६च्या शरदात मंडळीतले लोक ज्यूंच्या सणांना आणि सभास्थानात जातात हे पाहून ते खवळले आणि त्यांनी पुढच्या काळात ज्यूंविरुद्ध आठ प्रवचनं दिली. त्यांना रोखायचं होतं ते आपल्याच लोकांना. भाषा वापरली ती शेजाऱ्यांना जनावरांच्या पंगतीत बसवणारी. ती लिहून घेतली गेली, जपली गेली, आणि ज्यांना ज्यूंचा द्वेष करायचा होता त्यांच्या हाती एका महान संताच्या नावाने पडली. ज्यूंवर सरसकट दोष ठेवू नये, हे कॅथॉलिक चर्चने अधिकृतपणे म्हटलं ते १९६५ साली. मध्ये जवळजवळ सोळाशे वर्षं गेली. आता तर लॉकडाऊनपासून आपल्याकडेही उपासना मोबाइलवरून जाते. मयतीतलं वाक्य त्या आईला दुबईतल्या बहिणीकडून परत ऐकू येतं.

पाळक : त्याच क्रिसोस्तोमांनी पुढे कॉन्स्टॅन्टिनोपलला गेल्यावर सम्राज्ञी युडॉक्सियाविरुद्ध पुलपिटवरून तोंड उघडलं आणि त्यापायी हद्दपारीत मरण पत्करलं, हेही सांगा. ते सावध राहिले असते तर तिथेच सुखाने म्हातारे झाले असते. तुमची कात्री चालली की आधी अशी वाक्यं कापली जातील, कारण सगळ्यात लवकर दुखावतात ते बलवान. आमच्या मंडळ्यांतही कमिटीवाल्यांना टोचलं की 'पाळक अविचाराने बोलले' असा ठराव येतो. विधवेला टोचलं तर ठराव येत नाही.

बाई : हे खरं आहे. म्हणून मी एकच प्रश्न विचारीन : वाक्य कोणावर पडलं? सम्राज्ञीजवळ उत्तर द्यायला सैन्य होतं. त्या आईजवळ काय आहे? व्याख्यानात माणूस उठून विचारू शकतो. उपासनेत उठता येत नाही. संदेशानंतर गीत सुरू होतं आणि तिला त्यात सूर मिळवावा लागतो.

(कीर्तनाच्या गादीपुढेही हेच असतं. २०२० साली एका नामवंत कीर्तनकारांच्या सम-विषम तारखा आणि मुलगा-मुलगी यांविषयीच्या वाक्यावरून वाद झाला, त्यांनी लेखी दिलगिरी दिली, पुढे प्रकरण न्यायालयात गेलं. गादीसमोर बसलेल्यांनी तिथल्या तिथे हरकत घेतली नसेल, तर त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पवित्र मानलेल्या जागेवरून माणूस बोलत असताना ऐकणाऱ्याने गप्प राहायचं, हे आपण पिढ्यान्पिढ्या शिकवलं आहे. ऐकणाऱ्याचं हे गप्प राहणं बोलणाऱ्याला उसनं मिळालेलं असतं, आणि म्हणूनच त्याची जबाबदारी इतर वक्त्यांहून मोठी आहे. याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात फार जणांनी शिक्षक होऊ नये असं बजावलं आहे ते याच भीतीने.)

पाळक : समजा, असं वाक्य गेलं. तुमच्या मते काय करावं?

बाई : जिथून गेलं तिथूनच परत घ्यावं. पुढच्या रविवारी, त्याच पुलपिटवरून, 'गेल्या आठवड्यात मी असं म्हणालो, ते चूक होतं.' दोन वाक्यं. 'कोणाचं मन दुखावलं असेल तर' असं नको. दुखावलं आहे, ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

पाळक : मी आधी त्या घरी जाईन. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला क्रमही तोच आहे, आधी एकांतात.

बाई : तो क्रम एकाने दुसऱ्याचा खाजगीत अपराध केला असेल तेव्हाचा. तुम्ही दोनशे माणसांसमोर बोललात. घरी जाऊन मागितलेली क्षमा त्या दोनशेंना कळत नाही. त्यांच्या मनात तो मुलगा अजून 'उपासनेला न आल्यामुळे मेलेला' असाच आहे.

पाळक : थांबा. घरी आधी जायचं म्हणतो ते लाजेपोटी नाही. पुलपिटवरून परत घेताना मला तो मुलगा, ती मयत, ते वाक्य पुन्हा सगळ्यांसमोर काढावं लागेल. सावरू लागलेल्या बाईला पुन्हा दोनशे नजरांसमोर बसवायचं. तिला ते हवं आहे का हे न विचारता मी उठलो, तर पुन्हा तिच्याविषयी तिच्या परवानगीशिवाय बोलल्यासारखंच होईल. पहिल्यांदा तेच तर केलं होतं.

बाई : ...हा विचार योग्य आहे. विचारायला हवं.

पाळक : आणि ती नको म्हणाली तर?

बाई : तर तिचं नाव नको, मुलाचं नको, मयतीचा उल्लेख नको. पण मृत्यू म्हणजे शिक्षा असं या पुलपिटवरून सुचवलं गेलं आणि ते शास्त्राला धरून नव्हतं, एवढं तरी बोललंच पाहिजे. शिकवण चुकली ती सगळ्यांपुढे, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

पाळक : ते बोलता येईल. एवढ्यापुरतं टिपण मी लिहून आणीन.

बाई : आणि शनिवारी?

पाळक : शनिवारी घरात वाचून दाखवीन. पण त्या आधी बुधवारी त्या घरी जायचं. तुम्ही सोबत चला, बाई. मी एकटा गेलो तर ती 'काही नाही, साहेब' म्हणून चहा ठेवेल. तुमच्यासमोर खरं बोलेल.

बाई : चला. पण तिथे शास्त्रपाठ काढायचा नाही. तिला बोलू द्यायचं.

पाळक : प्रार्थना?

बाई : तिने सांगितलं तर.